न थांबणारी आगगाडी

१

साहित्यविषयक निबंधांसाठीं राखलेल्या या पानांत संगणकावरील एका खेळाचें परीक्षण आलेलें पाहून कांहीं वाचकांच्या कपाळाला आंठ्या पडतील, हें मी जाणून आहें. त्यांच्या नाराजींत मीहि पुष्कळ वर्षें सामील होतों. इंग्रजी कादंबरी आणि नाटक शिकविण्यांत माझें उभें आयुष्य गेलें. आणि खेळ कितीहि मनोरंजक असला तरी तो वाङ्मयाच्या पंक्तीला बसूं शकत नाहीं, हें मत मीं वर्गांत अनेक वेळां, आणि खरें सांगावयाचें तर थोड्याशा तुच्छतेनें, बोलून दाखविलें आहे. त्या मताला मी एक कारणहि देत असें. खेळांतील जग खेळणाराची वाट पाहत उभें असतें. तो आला म्हणजे तें हलूं लागतें. तो उठून गेला म्हणजे जेथल्या तेथें थिजतें. ज्या माणसांना आपल्यावांचून आयुष्यच नाहीं त्यांच्याविषयीं आपल्याला खरी आस्था कशी वाटावी? चांगल्या कादंबरींतील माणसें आपल्याकडे पाठ करून आपापल्या संसारांत गढलेलीं असतात, म्हणूनच तीं आपल्या जिव्हाळ्याचीं होतात. असा माझा युक्तिवाद होता.

तो युक्तिवाद आजहि मला सर्वस्वीं चुकीचा वाटत नाहीं. मात्र त्याला एक ठळक अपवाद आहे. आणि तो अपवाद पंचवीसएक वर्षांपूर्वीं माझ्या हातीं येऊनहि मला ओळखतां आला नाहीं, ही कबुली देण्यासाठीं हा लेख लिहीत आहें. खेळाचें नांव ‘द लास्ट एक्सप्रेस’. तो १९९७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनीं तिकडून परतलेल्या एका स्नेह्यानें तीन तबकड्यांची ती पेटी मला भेट दिली. दोन संध्याकाळ मीं तो खेळून पाहिला. पहिल्या संध्याकाळीं मी आगगाडीच्या भोजनाच्या डब्यांत जाऊन बसलों, शेजारच्या मेजांवरील उतारूंचीं बोलणीं ऐकत राहिलों, आणि इकडे माझ्या खोलींत प्रेत सांपडून खेळ आटोपला. दुसऱ्या संध्याकाळींहि फारसें निराळें घडलें नाहीं. येथें काय करावयाचें आहे हेंच कोणी सांगत नाहीं, असा शेरा मारून मीं पेटी कपाटावर टाकली. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझ्या मुलीनें तोच खेळ तिच्या संगणकावर मांडून दिला, तेव्हां त्या जुन्या शेऱ्याची मला लाज वाटली. त्या पहिल्या संध्याकाळीं भोजनाच्या डब्यांत बसून मी जें करीत होतों, तोच खरा खेळ होता.

२

प्रथम या कृतीचा थोडा परिचय करून देतों. कारण तिचें नांव आज फारच थोड्यांना ठाऊक असेल. तिचा कर्ता जॉर्डन मेक्नर. १९८९ सालच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळाचा कर्ता म्हणून त्याची ख्याति आहे. तळघरांतून उड्या मारीत धांवणारा तो पांढऱ्या वेषांतील राजपुत्र आपल्याकडील कित्येक घरांतील मुलांनीं, आणि मुलें निजल्यावर वडिलांनीं, पाहिलेला आहे. त्या यशानंतर मेक्नरनें १९९३ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें ‘स्मोकिंग कार प्रॉडक्शन्स’ नांवाची संस्था काढली आणि टोमी पिअर्स या लेखिकेच्या सहकार्यानें एक कथा रचली. ती कथा उभी करण्यास चार वर्षें लागलीं आणि लक्षावधि डॉलर खर्ची पडले.

कथेचा आरंभ १९१४ सालच्या जुलै महिन्याच्या २४ तारखेस संध्याकाळीं होतो. त्याच्या आदल्याच दिवशीं ऑस्ट्रियानें सर्बियाला अट्ठेचाळीस तासांची निर्वाणीची मुदत दिलेली आहे. पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलकडे जाणारी ‘ओरिएंट एक्सप्रेस’ नुकतीच सुटली आहे, आणि रॉबर्ट कॅथ नांवाचा एक तरुण अमेरिकन डॉक्टर धांवत्या मोटारसायकलवरून त्या गाडीवर उडी घेतो. पोलीस त्याच्या मागावर आहेत. टायलर व्हिटनी या मित्रानें त्याला बोलाविलें आहे. परंतु मित्राच्या खोलीचें दार उघडावें तों मित्र रक्ताच्या थारोळ्यांत मरून पडलेला. कॅथ तें प्रेत खिडकींतून बाहेर टाकतो, रक्तानें माखलेला कोट बदलतो, मेलेल्या मित्राचें नांव धारण करतो, आणि दिवाणखान्याच्या डब्यांत जाऊन सिगरेट पेटवितो. येथून पुढचे तीन दिवस तो म्हणजे आपणच.

गाडींत कोण कोण आहे? ॲना वुल्फ नांवाची ऑस्ट्रियन व्हायोलिनवादक आणि तिचा कुत्रा. शस्त्रांचा व्यापार करणारा जर्मन ऑगस्ट श्मिट. मिलोश आणि त्याचे सर्बियन साथीदार. आजारानें व संशयानें पोखरलेला वृद्ध रशियन काउंट आणि त्याची नात तात्याना. तिचा बालमित्र, आतां अराजकवादी बनलेला अलेक्सेय. नको तितका गोड बोलणारा इंग्रज ॲबट. आपल्या लहानग्या पोरासह प्रवास करणारें फ्रेंच जोडपें. रेबेका आणि सोफी या दोन तरुण मैत्रिणी. आणि स्वतःच्या खासगी डब्यांतून प्रवास करणारा क्रोनॉस नांवाचा गूढ धनिक. त्या वेळचा सारा युरोप दोन शयनडब्यांत कोंबलेला आहे, असें म्हटलें तरी चालेल. रूपकाचा हा सांचा कांहीं नवा नव्हे. नवी आहे ती त्याला दिलेली गति.

३

या जातीच्या खेळांना इंग्रजींत ‘ॲडव्हेंचर गेम’ म्हणतात. विल्यम क्राउदर आणि डॉन वुड्स यांनीं १९७६–७७ मध्यें रचलेल्या गुहेच्या खेळापासून ही परंपरा चालत आलेली आहे. खेळणारानें ठिकठिकाणीं हिंडावें, वस्तु गोळा कराव्या, कुलुपें उघडावीं, कोडीं सोडवावीं, हें तिचें सूत्र. त्यांत वेळेला किंमत नसते. बंद दारापुढें तुम्ही तासभर उभे राहा, नाहींतर चहा घेऊन या. दार रागावत नाहीं. १९९३ च्या ज्या ‘मिस्ट’ खेळानें खपाचे उच्चांक गांठले त्यांतील बेट तर जवळजवळ निर्मनुष्यच आहे. त्याचें सौंदर्य मी नाकारीत नाहीं. पण तें रिकाम्या वाड्याचें सौंदर्य आहे.

‘लास्ट एक्सप्रेस’ मध्यें घड्याळ चालू असतें. आपल्या एका मिनिटांत तेथील सहा मिनिटें जातात, आणि तीं आपण काय करतों याची पर्वा न करतां जातात. आठ वाजतां अमुक मनुष्य जेवावयास जाणार, जेवतांना अमुक गोष्ट बोलणार, उठून अमक्याच्या खोलीचें दार ठोठावणार, हें सारें ठरलेलें आहे. तें ऐकावयास आपण तेथें असूं अथवा नसूं. काउंट आपल्या नातीला गतवैभवाच्या गोष्टी सांगत असेल, त्याच वेळीं पलीकडच्या डब्यांत सर्बियन लोक दबलेल्या आवाजांत वाद घालीत असतील. दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं असणें शक्य नाहीं. निवडलें कीं गमावलें.

न्याय करावयाचा तर सांगितलें पाहिजे कीं, हा प्रयोग अगदींच पहिला नव्हे. १९८२ च्या ‘डेडलाइन’ या केवळ शब्दांनीं रचलेल्या खेळांतहि एका घरांतील माणसें ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणें वावरत असत आणि शोध लावण्यास बारा तासांची मर्यादा होती. परंतु तेथें काळ हें गुप्तहेराच्या वाटेंतील अडचणींपैकीं एक अडचण होती. येथें काळ हाच कथेचा विषय आहे. सारें युरोप ज्या आठवड्यांत घड्याळाकडे पाहत होतें, त्या आठवड्यांतील ही गाडी आहे.

ओरिएंट एक्सप्रेस म्हटली कीं सुशिक्षित वाचकाला ॲगाथा ख्रिस्तीची १९३४ ची कादंबरी आठवणार. तिच्याशीं तुलना केल्यानें या कृतीचें वैशिष्ट्य लख्ख दिसतें. ख्रिस्तीबाई गाडीला बर्फांत अडकवून ठेवतात. गाडी थांबते, काळ थांबतो, खून करणारा पळूं शकत नाहीं, आणि मिशांचा तो प्रख्यात गृहस्थ एकेकाला समोर बसवून सावकाश प्रश्न विचारतो. बुद्धीला विजय मिळावा म्हणून जगाला स्थिर केलेलें आहे. मेक्नर बरोबर उलटें करतो. त्याची गाडी बुद्धीसाठीं थांबत नाहीं. आपण निष्कर्षाला पोंचेपर्यंत ज्याच्याविषयीं तो निष्कर्ष असतो तो मनुष्य पुढच्या कामाला लागलेला असतो. पहिल्या पद्धतींत सत्य सांपडतें. दुसऱ्या पद्धतींत सत्य निसटतें. आपल्या रोजच्या अनुभवाशीं यांपैकीं कोणती पद्धति अधिक जुळते, हें वाचकांनींच ठरवावें.

आपल्या संस्कृत नाटककारांनीं या अडचणीवर एक सोय काढलेली होती. रंगभूमीवर न दाखविलेल्या घटना प्रेक्षकांना कळाव्या म्हणून दोन अंकांच्या मध्यें विष्कंभक घालावयाचा. दोन गौण पात्रें येऊन मधल्या काळांत काय घडलें तें सांगून जात. कादंबरीकार हेंच काम निवेदनानें करतो. या खेळांत विष्कंभक नाहीं. जें चुकलें तें चुकलें. त्याची बातमी द्यावयास कोणी येत नाहीं. फार तर दुसऱ्या कोणाच्या तोंडच्या अर्धवट उल्लेखावरून, किंवा लाल झालेल्या डोळ्यांवरून, आपण तर्क करावा.

४

ऐकणें हा या कृतीचा प्राण आहे, म्हणून तिच्यांतील भाषांविषयीं दोन शब्द लिहिणें जरूर आहे. उतारू आपापल्या भाषेंत बोलतात: फ्रेंच, जर्मन, रशियन, सर्बियन आणि आणखीहि. कॅथला ज्या भाषा येतात त्यांतील संभाषणाचें इंग्रजी भाषांतर पडद्याच्या तळाशीं उमटतें. ज्या येत नाहींत त्यांतील संभाषणाचें उमटत नाहीं. मग केवळ आवाजाची चढ-उतार, मध्येंच आलेलें एखादें नांव, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरील सावट, एवढ्यावर भागवावें लागतें. ज्यानें मुंबईच्या लोकलमध्यें समोरच्या दोन अनोळखी माणसांचें न समजणाऱ्या भाषेंतील भांडण स्टेशनामागून स्टेशन ऐकलें आहे, त्याला या युक्तींतील सत्यता निराळी समजावून द्यावयास नको.

चित्रांची पद्धतिहि विचारपूर्वक योजलेली आहे. प्रत्यक्ष नटनटींना त्या काळचे पोशाख घालून, चेहऱ्यावर रेघा ठळक दिसतील अशी रंगभूषा करून त्यांचें छायाचित्रण केलें. नंतर त्या चित्रांतील बारकावे गाळून नुसती रेषा ठेवली आणि तींत सपाट रंग भरले. त्यामुळें सारी गाडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या भिंतींवर झळकणाऱ्या रंगीत जाहिरातींसारखी दिसते. आकृति सलग हलत नाहींत. एका ठेवणींतून दुसऱ्या ठेवणींत विरघळत जातात. प्रथम हें खटकतें. मग ध्यानांत येतें कीं, जुन्या छायाचित्रांच्या संग्रहाचीं पानें उलटतांना आपल्या मनांत माणसें अशींच हलतात. शयनडब्यांतील लांकूड, पितळी कड्या, दिव्यांच्या काचा हें सर्व अथेन्स येथें सांपडलेला त्या काळचा खराखुरा डबा पाहून रेखाटलेलें आहे. हा तपशील खेळ जिंकण्यास कोठेंच उपयोगी पडत नाहीं. तो डब्याचें खरेपण राखण्यासाठीं आहे, आणि तें खरेपण जाणवतें. अरुंद मार्गिकेंतून जातांना समोरून कोणी आला तर अंग चोरून त्याला वाट द्यावी लागते, येवढ्या एका गोष्टीनेंहि त्या गाडीचें अस्तित्व पटतें.

या साऱ्या गुणांचा परमोत्कर्ष मैफलीच्या प्रसंगांत होतो. क्रोनॉस आपल्या खासगी डब्यांत ॲनाला वाजविण्याचें निमंत्रण देतो. तो स्वतः पियानोवर बसतो, आणि सेझार फ्रांक या रचनाकाराची व्हायोलिन-पियानोची ती सुप्रसिद्ध रचना सुरू होते. निमंत्रित उतारू स्तब्ध बसून ऐकत आहेत. कॅथला मात्र हीच संधि आहे. सर्वजण गुंतलेले असतां हळूच उठून त्याला एक चोरीचें काम उरकावयाचें आहे, आणि सूर थांबण्यापूर्वीं परतावयाचें आहे. खेळाची गरज ‘ऊठ’ म्हणते. संगीत ‘बैस’ म्हणतें. वाटल्यास बसून राहतां येतें. खेळ आपल्याला ढकलत नाहीं, खुणावीतहि नाहीं. मी पहिल्या खेपेस मैफल संपेपर्यंत बसून राहिलों, आणि अर्थातच पुढें हरलों. दुसऱ्या खेपेस उठलों. तेव्हां पाठीमागें डब्यांतून तेच सूर पुसट होत चाललेले ऐकूं येत होते, आणि आपण काय टाकून चाललों आहों हें मला नेमकें ठाऊक होतें. रसास्वाद आणि कर्तव्य यांचें हें द्वंद्व नाटकांत मीं पुष्कळ वेळां पाहिलें आहे. परंतु तेथें त्याचें मोल पात्र चुकवितें, प्रेक्षक नव्हे. येथें तें मला चुकवावें लागलें.

५

आतां दोषांकडे वळूं. ते लहान नाहींत, आणि जुन्या वस्तूविषयीं लिहितांना प्रेमापोटीं दोष झांकण्याची जी संवय असते ती मला टाळावयाची आहे.

पहिला दोष असा कीं, या वास्तव चित्राच्या गाभ्यांत एक जादूची वस्तु बसविलेली आहे. रत्नजडित रशियन अंडें, त्यांतील अग्निपक्षी, त्याला जागें करणारी शिटी, आणि शेवटीं त्या पक्ष्याच्या हातून होणारें मरण! क्षेमेंद्रानें औचित्याला काव्याचें जीवित म्हटलें. त्या कसोटीला हा भाग उतरत नाहीं. जेथें तोफा, तह आणि तारा यांनीं माणसांचें भवितव्य ठरत आहे, तेथें यांत्रिक पक्ष्यानें निकाल द्यावा हें मनाला पटत नाहीं. कोणी म्हणेल, अग्निपक्षी म्हणजे युरोपच्या वैभवांत दडलेली विनाशशक्ति. असेल; परंतु रूपकाचा अर्थ लागला म्हणून त्याची जागा बरोबर ठरत नाहीं.

दुसरा दोष परंपरेच्या ओझ्याचा. काळाविषयीं इतका धीट विचार करणारा हा खेळ मधूनमधून जुन्या कोड्यांकडे आणि मारामाऱ्यांकडे वळतो. आगपेटींत किडा पकडावा, तो लहान मुलाला द्यावा, त्याच्याकडून शिटी घ्यावी, हा व्यवहार त्या मुलाच्या वयाला शोभतो, म्हणून गोड तरी वाटतो. सुऱ्यांच्या झटापटींत मात्र केवळ हाताची चपळाई लागते. आतांपर्यंत कान आणि मन यांवर विसंबलेल्या माणसाला तेथें एकाएकीं बोटांची परीक्षा द्यावी लागते, आणि रसभंग होतो.

तिसरा दोष घड्याळाचाच. चूक होऊन खेळ संपला म्हणजे कांटे मागें फिरवितां येतात. इतकेंच नव्हे, तर जेथून ती चूक सुधारतां येईल तेथवर घड्याळ आपण होऊनच मागें जातें. न परतणाऱ्या काळाची गोष्ट सांगणाऱ्या कृतीनें पश्चात्ताप इतका स्वस्त करावा काय? या आक्षेपाचा मीं बराच विचार केला. त्याचें अर्धें उत्तर असें कीं, कांटे मागें फिरविले तरी एका वेळीं एकाच ठिकाणीं असण्याची अट सुटत नाहीं. दुसरी वाट धरली कीं पहिली नाहींशी होते. पण उरलेलें अर्धें उत्तर माझ्यापाशीं नाहीं. घड्याळ मागें गेलें कीं ‘चूक येथें झाली’ असें ग्रंथकारच कानांत सांगून जातो, आणि त्या क्षणापुरतें तें जग पुन्हां आपली वाट पाहूं लागतें.

चौथा दोष मला सर्वांत अधिक टोंचला, आणि तो पाश्चात्य परीक्षकांच्या नजरेस सहसा येत नाहीं. गाडींतील युरोपीय माणसांना अंतरंग दिलेलें आहे. रेबेकाची रोजनिशी चोरून वाचली तर एका संकोची मनाचा ठाव लागतो. भ्रमिष्ट काउंटलाहि त्याचें दुःख आहे. परंतु पूर्वेकडचीं माणसें आलीं कीं लेखणी आळसावते. एका खोलींत बुरख्यांतील बायकांचा जनाना आणि दाराशीं त्याचा रखवालदार. खासगी डब्यांत अफाट संपत्तीचा, अथांग नजरेचा क्रोनॉस. त्यांना गूढपणा दिला, आयुष्य दिलें नाहीं. शतकापूर्वींच्या युरोपीय कादंबरींतील ही खोड, त्या युगाचें इतक्या बारकाईनें चित्र काढतांना, चित्रकाराच्या डोळ्यांतच उतरलेली दिसते.

६

हे दोष मांडूनहि मी या कृतीला मोठी म्हणतों. तें कां, हें सांगून लेख पुरा करतों.

प्रसिद्धीच्या वेळीं समीक्षकांनीं तिची वाखाणणी केली होती. परंतु ऐन वेळीं प्रकाशक ब्रोडरबंड यांच्या विक्रीविभागांतील मंडळी नोकरी सोडून गेल्यामुळें तिची जाहिरात जवळजवळ झालीच नाहीं. खप पडला, खर्च भरून निघाला नाहीं, आणि ‘स्मोकिंग कार’ बंद झाली. २०१२ मध्यें खिशांतील फोनवर खेळतां येईल अशी आवृत्ति निघाली, म्हणून कृति नामशेष झाली नाहीं एवढेंच. पण अपयशाचें सारें खापर जाहिरातीवर फोडणें मला सोयीचें वाटत नाहीं. पेटी माझ्या हातांत होती. जाहिरातीवांचून ती मला मिळालेली होती. तरी मीं ती कपाटावर टाकली. कारण सर्व खेळ खेळणाराला नायक होण्याचें वचन देतात, आणि हा खेळ त्याला बहुतेक वेळ साक्षीदार होण्यास सांगतो. नायक होण्याच्या उमेदीनें आलेल्याला साक्षीदाराची खुर्ची अपमानास्पद वाटते.

परंतु १९१४ च्या जुलैविषयीं साक्षीदारापेक्षां अधिक प्रामाणिक अशी दुसरी कोणती भूमिका असूं शकेल? कॅथनें बाँब निकामी करावा, प्राण वाचवावे, शस्त्रांच्या व्यवहारांत आडवें पडावें. प्रवासाच्या शेवटीं युद्ध त्याची वाट पाहत उभेंच आहे. २८ जुलैला ऑस्ट्रिया सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारणार, हें आपल्याला ठाऊक आहे. गाडींतील एकालाहि तें ठाऊक नाहीं. पुढच्या महिन्यांतील बेत, परतीचा प्रवास, येत्या हिवाळ्यांतील मैफली यांविषयीं बोलणारें प्रत्येक वाक्य त्यामुळें जड होऊन कानीं पडतें. या माणसांना कांहीं सांगावें असें वाटतें आणि सांगतां येत नाहीं. करुणरस कोठें आहे म्हणून विचाराल तर तो गाडींतील खुनांत नाहीं. तो त्यांच्या निर्धास्त गप्पांत आहे.

त्या गप्पांचें मोल केवळ युरोपनें दिलें नाहीं. त्या युद्धाच्या ओघांत पुणें डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सेना मेसोपोटेमियांत गेली, आणि १९१६ च्या एप्रिलमध्यें कूत येथें उपासमारीनें खंगून तिला शत्रूच्या स्वाधीन व्हावें लागलें. तींत मराठा पलटणी होत्या. गाडींतील दिवाणखान्यांत जो व्यवहार हलक्या आवाजांत ठरत होता, त्याचा दूरचा टोला आपल्याकडील खेड्यांतील उंबरठ्यांवर पडला. तेथील माणसांना त्या गाडीचें नांवहि ठाऊक नव्हतें. गाडींतल्यांनींहि त्यांचें नांव कधीं ऐकलें नसेल. आपल्यावांचून चाललेल्या संभाषणांत आपलें भवितव्य ठरत असतें, ही गोष्ट इतिहासाचें पुस्तक सांगतें. हा खेळ ती अंगावर आणतो.

म्हणून माझा निर्णय असा. ‘लास्ट एक्सप्रेस’ ही सदोष कृति आहे. कथानक म्हणून पाहिलें तर ती दुसऱ्या प्रतीच्या हेरकथेच्या वर फारशी जात नाहीं. परंतु जग आपल्यासाठीं थांबत नाहीं, आणि तरीहि त्याच्याकडे कान देणें आपलें काम आहे, हा विचार तिनें उपदेशाचें एकहि वाक्य न उच्चारतां केवळ आपल्या रचनेनें खेळणाराच्या गळीं उतरविला आहे. कादंबरीला हें साधत नाहीं असें मी म्हणणार नाहीं. पण अशा रीतीनें साधत नाहीं, हें मला मान्य करावें लागतें. कादंबरींत आपण कांहींच गमावीत नाहीं. पानें आपलीं वाट पाहत असतात. माझ्या जुन्या युक्तिवादाचें टोंक येथें माझ्याकडेच वळतें.

ज्यांना हा खेळ पाहण्याची इच्छा होईल त्यांना एकच सुचवितों. प्रथम प्रेताची व्यवस्था लावा, नाहींतर माझ्यासारखी गत होईल. त्यानंतर मात्र जिंकण्याची घाई करूं नका. भोजनाच्या डब्यांत एखादें मेज धरून बसा आणि ऐका. पुष्कळ कांहीं निसटेल; तें निसटूं द्या. मी पुढील वर्षींहि वर्गांत माझा तो युक्तिवाद मांडीन, कारण बहुतेक खेळांच्या बाबतींत तो खरा आहे. मात्र तो मांडून झाल्यावर या एका गाडीचें नांव घेतल्यावांचून मला पुढें जातां येणार नाहीं.